पुराआधी झोपडीचं सामान जमवू या : वैनगंगाकाठच्या गावकऱ्यांचं आवाहन

2020 च्या ऑगस्टअखेरीस आमच्या गावावर काय आलं ते गाव सोडून शहरात गेलेल्यांनाही ठाऊक आहे. तिकडे मध्य प्रदेशात वैनगंगेवरच्या संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं, इकडे गोसीखुर्द धरणाची 33 च्या 33 दारं उघडली, आणि रात्री टोंगळ्याएवढं असलेलं पाणी सकाळी छपराच्या वाशांना लागलं. खालच्या टोलीतली, म्हणजे नदीकडच्या वस्तीतली माणसं लेकरं काखेत घेऊन, ढोरं मोकळी सोडून टेकाडावर गेली. तिथे धान झाकायची एक फाटकी ताडपत्री चार घरांनी मिळून दोन रात्री हातांनी धरून ठेवली. त्यात एक बाळंतीण होती. ताडपत्री बांधायला हातभर दोरी मिळाली नाही आणि बांबू सगळे पुरासोबत गेले.

म्हणून आमच्या ग्राम आपत्ती व्यवस्थापन समितीने ठरवलं आहे की यंदा मृग लागायच्या आत टोलीतल्या 32 घरांचं सामान टेकाडावरच्या गोदामात बांधून ठेवायचं.

मदतकार्यात माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा धरतात. पाच माणसांच्या घराला 12 बाय 16 फुटांची झोपडी पुरते. तिला साधारण 14 बांबू, 18 बाय 24 फुटांची एक ताडपत्री, 60 मीटर नायलॉन दोरी आणि युरियाची 20 रिकामी पोती लागतात. आढं साडेआठ फुटांवर आणि बाजूचे खांब जमिनीवर पाच फूट ठेवले, तर एवढ्या ताडपत्रीत छप्पर होऊन दोन्ही बाजू जवळजवळ जमिनीपर्यंत झाकल्या जातात. उरलेल्या दोन तोंडांना बांबूचे विणलेले तट्टे.

खांब दोन फूट गाडायचे आणि कोपऱ्यांना तिरपे बांबू आवळायचेच. ते नसले की वावधानात झोपडी एका कुशीवर झोपते. बांबूची कापलेली टोकं ताडपत्री फाडतात, त्यांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा. आणि ताडपत्रीला भोक पाडू नका. लिंबाएवढा गोल गोटा आतून धरायचा, वरून ताडपत्री त्याच्याभोवती मुरडायची आणि मानेशी दोरी आवळायची. कितीही ओढा, सुटत नाही. भोवती वीतभर खोल चर, कडेला मातीने भरलेली पोती. आत नुसत्या तणसावर झोपू नका, पुरात मण्यार आणि घोणसही कोरडी जागा शोधत येतात. झोपायला बांबूचं मचाण करा. मोठ्या झाडाखाली किंवा विजेच्या तारेखाली झोपडी उभारू नका.

आता मागणं. ज्यांच्या बांधावर किंवा सांदवाडीत बांबूची रांझी आहे त्यांनी पाच-पाच पक्के बांबू द्यावेत, कोवळे नकोत. ताडपत्री देणाऱ्यांना विनंती, पातळ प्लास्टिक देऊ नका, ते उन्हात एका हंगामात तडकतं. जाड, कडेला दोरी शिवलेलीच द्या. रिकामी पोती तर प्रत्येक घरी असतील, धुवून आणा. गावातली बुरड मंडळी तट्टे विणून देणार आहेत. फुकट करतो म्हणाले होते, पण हातावर पोट असलेल्यांची मजुरी बुडवणं समितीला पटत नाही, त्यामुळे वर्गणीतला पहिला पैसा त्यांना जाईल. पुण्या-मुंबईला, नागपूरला असलेल्या पोरांनी एका घराचं सामान जरी उचललं तरी खूप झालं. जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर आठवड्याला लागेल, पावती घेतल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नका.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता टेकाडावर पहिली झोपडी सगळ्यांनी मिळून उभी करायची आहे. बायांनी आणि शाळकरी पोरांनीही यावं, कारण पुराच्या रात्री घरात कर्ता माणूस असेलच असं नाही. येताना सब्बल, कोयता आणि पाण्याची बाटली आणा.