सूचना : परदेशात घर घेण्यापूर्वी

सर्व सभासदांस नमस्कार,

येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता, दांडिया बाजारातल्या आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये बैठक आहे. निवृत्तीनंतर परदेशी राहायला जायचा विचार असलेल्यांनी यावेच. मुलांनाही आणा, कारण पैसे बहुधा तेच पाठवतात.

निमित्त असे. आपल्यातल्या एका काकांना थायलंडमधल्या बंगल्याचे फोटो व्हॉट्सॲपवर आले. निळा स्विमिंग पूल, नारळाची झाडं, खाली 'जमीन तुमच्या नावावर, ऑफर शुक्रवारपर्यंत'. काका चेकबुक काढून बसले होते! थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या नावावर सहसा जमीन होतच नाही. कॉन्डोमिनियममधला फ्लॅट घेता येतो, तोही सगळ्या परदेशी मालकांचे मिळून इमारतीतल्या फ्लॅटच्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांच्या मर्यादेत. 'स्थानिक माणसाच्या नावावर घेऊ' म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

बैठकीपर्यंत एवढे पाळा :

• कोणालाही टोकन देऊ नका.
• दुबईत बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर पैसे प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच (त्या प्रकल्पासाठीच राखलेले वेगळे बँक खाते) भरा. एजंटच्या खात्यात नाही.
• वकील आपला आपण शोधा, विकणाऱ्याने सुचवलेला नको.
• रक्कम बँकेमार्फतच पाठवा. रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या एलआरएस योजनेत माणशी आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे. हवाला अजिबात नाही.
• घर घेतले म्हणजे व्हिसा मिळाला, असे धरू नका.

आलेली ब्रोशर, करारनामे यांच्या झेरॉक्स आणा, मूळ कागद घरीच ठेवा. चहा मंडळाकडून.

– कार्यवाह