खाडीपलीकडच्या गाडीची वेळ अलीकडे लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी किंवा मे महिना जवळ आला की पर्यटन पुरवण्यांमध्ये कोकण किनाऱ्याची सहल छापून येते आणि ती हमखास स्वतःच्या चारचाकीने करायची असते. पाठीवर सॅक घेऊन एकट्याने निघालेल्या मुलामुलींना लाल एसटीने अलिबागपासून गोव्याच्या सीमेजवळच्या रेडीपर्यंत समुद्राच्या कडेकडेने जाता येते, हे त्यात सहसा नसते. असलेच तर ‘एसटीची सोय आहे’ एवढ्या एका वाक्यात. त्या वाक्यावर विसंबून निघालेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरदुपारी एखाद्या खाडीच्या धक्क्यावर अडकतो. तो का अडकतो आणि कसा अडकणार नाही, हे नीट लिहायला हवे.

मुळात आपला किनारा खाड्यांनी तोडलेला आहे. त्यामुळे किनाऱ्यावरच्या गावांतून एसटी निघते ती बहुधा पूर्वेला, महामार्गाकडे: श्रीवर्धनहून माणगावला, दापोलीहून खेडला, गुहागरहून चिपळूणला, मालवणहून कुडाळ-कणकवलीला. उत्तर-दक्षिण जायचे तर मध्ये फेरीबोट घ्यावी लागते. राजपुरी खाडीवर आगरदांडा ते दिघी, सावित्रीवर बागमांडला ते वेशवी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे आणि शास्त्री नदीच्या मुखाशी तवसाळ ते जयगड, अशा या चार फेरीबोटी. यातली कोणतीही दहा-वीस मिनिटांत पलीकडे नेते आणि पायी माणसाला तिकीटही किरकोळ पडते. लोक फेरीबोटीची चिंता करतात, पण ती दिवसभर चालूच असते. खरा अडसर पलीकडच्या काठावरच्या एसटीचा आहे. तिथून दिवसाला मोजक्या फेऱ्या सुटतात, आणि त्या दुसऱ्या आगाराच्या असल्याने अलीकडच्या स्थानकात त्यांची वेळ सहसा सांगता येत नाही.

म्हणून दिवसाचा आराखडा उलटा करावा. आधी पलीकडच्या गाडीची वेळ काढायची, मग फेरीबोट ठरवायची आणि शेवटी सकाळी कुठून किती वाजता निघायचे ते. वेशवीला उतरणार असाल तर मंडणगडला, धोपाव्याला उतरणार असाल तर गुहागरला आदल्या संध्याकाळी फोन करावा. प्रश्नही नेमका हवा. ‘गाडी किती वाजता आहे?’ असे विचारले की फलकावरची वेळ मिळते. ‘उद्या ती फेरी सुटणार आहे का, आणि गाडी कुठून येते?’ असे विचारले की खरी परिस्थिती कळते.

याचे कारण असे. गावात संध्याकाळी येऊन मुक्काम करणारी आणि पहाटे परत सुटणारी वस्तीची गाडी सगळ्यात भरवशाची, कारण ती रात्रीपासून तिथेच उभी असते आणि चालक-वाहकही गावातच झोपलेले असतात. दुपारची फेरी मात्र आधीची कुठली तरी फेरी संपवून येणाऱ्या गाडीवर अवलंबून असते. ती गाडी घाटात बंद पडली किंवा तास-दीड तास उशिरा आली, की दुपारची फेरी रद्द. एकट्याने फिरणाऱ्याने सहा-सातच्या गाडीने निघावे आणि दुपारी दोनच्या आत मुक्कामी पोचावे. पुढचे टप्पे शेवटच्या गाडीवर टाकू नयेत. शिवाय गावोगावच्या बऱ्याच फेऱ्या शाळा-कॉलेजच्या वेळांवर बांधलेल्या आहेत. त्यातल्या काही सुट्टीत बंद होतात, म्हणजे नेमक्या पर्यटकांच्या हंगामात. गणपतीत आणि शिमग्यात गाड्या जादा वाहतुकीला जातात, तेव्हा हा प्रवास करूच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले साधे कामाचे आठवडे उत्तम.

सकाळी निघण्याचा आणखी एक फायदा डोळ्यांना आहे. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे चालकाच्या बाजूला. दुपारपर्यंत ऊन डाव्या खिडक्यांतून येते. उजवीकडे सावली राहते आणि पाण्यावर आपल्या पाठीमागून प्रकाश पडल्याने त्याचा रंग खुलून दिसतो. तीननंतर हेच उलटते. उजव्या खिडकीत ऊन थेट तोंडावर, पाण्यावर नुसती चकाकी, आणि प्रवासी काचा ओढून घेतात. चालकामागच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतली खिडकी मिळाली तर समोरचे वळणही दिसते. मागचे बाक टाळावे, कारण मागच्या चाकांच्याही मागे गाडीचा बराच भाग बाहेर असतो आणि खड्ड्यात तोच सर्वाधिक उसळतो. सॅक 35 लिटरच्या वर नको. साध्या गाडीत वरच्या फळीवर त्याहून मोठी बसत नाही. मग ती वाटेत ठेवावी लागते आणि येणाजाणाऱ्याची बोलणी खावी लागतात.

गाडीची पाटी पूर्ण वाचावी, विशेषतः ‘मार्गे’ या शब्दाशेजारी काय लिहिले आहे ते. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला आरे-वारेमार्गे गेलात तर सगळ्या किनाऱ्यावरचा बहुधा सर्वात देखणा तुकडा पदरात पडतो: वळण घेत चढणारा रस्ता, खाली दोन पुळणी आणि मध्ये टेकाड. निवळीमार्गे गेलात तर महामार्गावरची वाहतूक दिसते, आणि अंतरही जवळपास दुप्पट. बोर्ली पंचतनहून श्रीवर्धनला जाणारी प्रत्येक गाडी शेखाडीच्या समुद्राकाठच्या रस्त्याने जात नाही. मालवण-वेंगुर्ले कुडाळमार्गेही होते आणि परुळेमार्गेही. चुकीच्या गाडीत बसले तरी गाव तेच येते, त्यामुळे काय हुकले हे कळतसुद्धा नाही. गावांच्या नावांचाही घोळ आहे. मुरुड दोन आहेत, एक जंजिऱ्याचे आणि एक हर्णैजवळचे. समुद्री कासवांसाठी प्रसिद्ध असलेले वेळास मंडणगड तालुक्यात, पण त्याच नावाचे गाव श्रीवर्धन तालुक्यातही आहे. तिकीट मागताना तालुका सांगावा.

टप्प्यांबद्दल थोडे. मुंबईहून गेटवे-मांडवा बोटीने निघावे. तिथल्या नेहमीच्या बोटसेवांच्या तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. पावसाळ्यात या बोटी बंद असतात. अलिबाग-रेवदंडा-मुरुड हा रस्ता सोपा, गाड्या पुष्कळ, आणि रेवदंड्यापर्यंत मिनिडोरही (सहा आसनी रिक्षा) मिळतात. हरिहरेश्वरला देवळामागची खडकावरची प्रदक्षिणा भरतीच्या वेळी जीवघेणी आहे. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालच्या वेळेवर जाऊ नये, गावात विचारावे. वेशवीनंतरचा भाग सर्वात बिकट आहे. तिथे केळशी, आंजर्ले, हर्णै असे रोज मुक्काम हलवत बसू नये. दापोलीत दोन-तीन रात्री राहावे, सॅक खोलीवर ठेवावी आणि या गावांना सकाळी जाऊन दुपारी परतावे, कारण सगळ्यांच्या गाड्या दापोलीतून सुटतात. रत्नागिरीच्या खाली पावस, पूर्णगड, जैतापूर या बाजूला पूल आहेत, तिथे फेरीबोट लागत नाही. पार दक्षिणेला तेरेखोलहून केरीला गोवा सरकारची फेरीबोट पायी प्रवाशांना फुकट नेते. मात्र एसटीच्या भाडेसवलती, महिलांच्या निम्म्या तिकिटासह, राज्याच्या हद्दीपुरत्याच आहेत.

‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो आणि प्रत्येक जण तोच सुचवतो. या प्रवासाला तो परवडत नाही. जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचा 6 किलोमीटरचा टप्पा दहा रुपयांच्या आसपास पडतो. किनाऱ्याने दिवसाला 60 किलोमीटर झाले तरी शंभर रुपये, चार दिवसांचे चारशे. पास याच्या कितीतरी वर जातो. नागपूर किंवा जळगावहून एसटीनेच येऊन एसटीनेच परतणार असाल तर गोष्ट वेगळी. वाहकाकडे क्यूआर कोड असला तरी खाडीकाठी रेंज नसते. दहा-वीसच्या नोटा जवळ असाव्यात.

एकट्याला खोली मिळणे हा मात्र खरा जाच आहे. एकटा पुरुष म्हटला की कित्येक ठिकाणी खोली रिकामी असूनही नाही म्हणतात, आणि दिलीच तर दोघांचे पूर्ण भाडे घेतात. आदल्या दिवशी फोन करून ‘एकटा आहे, ओळखपत्र आहे, जेवणही तुमच्याकडेच घेईन’ असे सांगितले तर घरगुती निवासवाले बहुतेक वेळा तयार होतात. जेवणाची वर्दी सकाळी द्यावी. माशांचा बाजार झाल्यावर सांगितले तर मिळेल ते खावे लागते.

आता मागणी. रेवस-रेडी सागरी महामार्गावरचे मोठे पूल जेव्हा पूर्ण होतील तेव्हा होतील. तोवर चारही फेरीबोटींच्या दोन्ही धक्क्यांवर पलीकडून सुटणाऱ्या एसटीच्या वेळा मराठीत आणि इंग्रजीत ठळक लावाव्यात आणि फेरी रद्द झाली तर तिथे कळवावे. खाडीच्या दोन्ही बाजूंच्या आगारांनी दिवसातून निदान दोन गाड्या फेरीबोटीच्या वेळेशी जुळवाव्यात, सकाळची आठच्या सुमाराची आणि दुपारी एकची. यासाठी नवी गाडी लागत नाही, आहे तीच फेरी वीस-पंचवीस मिनिटे पुढे-मागे करावी लागते. पर्यटन विकास महामंडळाच्या किनाऱ्यावरील निवासांत एकट्या प्रवाशाला एक खाट भाड्याने मिळेल अशी सोय प्रत्येक ठिकाणी असावी. आणि आपल्या पर्यटन पानावर किनाऱ्याची सहल छापताना मोटारीच्या मार्गाशेजारी एसटीची चौकट द्यावी: गाव, आगाराचा दूरध्वनी, पहिली गाडी, शेवटची गाडी.

आपला,
एक वाचक, दापोली