बीसीजीची बाटली न फोडणाऱ्या ब्रदरना

ब्रदर,
सप्रेम नमस्कार.

डे-केअर वॉर्डच्या गर्दीत तुमच्या लक्षातही नसेल, पण बाबांच्या मूत्राशयाच्या कर्करोगावरच्या बीसीजीच्या तिसऱ्या डोसला तुम्ही एक गोष्ट केली नाहीत, म्हणून हे पत्र. तुम्ही बाटली फोडली नाहीत.

कॅथेटर, म्हणजे मूत्राशयात औषध सोडायची नळी, आत गेला आणि ट्रेमध्ये लालसर थेंब उतरले. तुम्ही तो हलकेच काढून घेतलात. "काका, आज नको. पुढच्या आठवड्यात बघू." बाटलीवर बाबांचं नाव घालून ती परत फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत. कॅथेटर सुरळीत बसल्याशिवाय औषध ५० मिली सलाईनमध्ये कालवायचंच नाही, ही तुमची शिस्त. आधीच कालवलं असतं, तर एवढं महाग औषध वाया कशाला घालवायचं म्हणून कुणाचाही हात पुढे झाला असता.

रक्त दिसलं म्हणजे आत कुठेतरी खरचटलंय, आणि बीसीजी म्हणजे क्षयाच्या जंतूंच्या कुळातले, दुबळे केलेले पण जिवंत जंतू. मूत्राशयाचं अस्तर धड असेल तर ते तिथेच चिकटतात, त्यांच्यावर तुटून पडायला पांढऱ्या पेशी जमतात आणि त्या झटापटीत कर्करोगाच्या पेशीही मारल्या जातात. कॅनडात डॉ. मोरालेस यांनी १९७६ साली नऊ रुग्णांवरचे निष्कर्ष छापले, तेव्हापासूनचा हा उपचार. पण अस्तर फाटलेलं असेल तर तेच जंतू रक्तात शिरतात. गाठ खरवडल्यावर किमान दोन आठवडे थांबतात तेही याचसाठी.

आधीच्या ठिकाणी यातलं कुणी बोललं नव्हतं. "लहान मुलांना देतात तीच लस, घाबरता काय?" एवढ्यावर बोळवण. दंडावर टोचतात ती मात्रा कुठे आणि मूत्राशयात सोडतात ते मिलिग्रॅम कुठे! घरी जाऊन काय करायचं, हे तर विचारल्यावरही सांगितलं नाही.

तुम्ही न विचारता कागदावर लिहून दिलंत: आधी चार तास पाणी बेताचं, औषध दोन तास धरून ठेवायचं. पुढचे सहा तास लघवी बसूनच करायची, कमोडमध्ये लघवीइतकंच ब्लीच ओतायचं, पंधरा मिनिटं थांबून मग फ्लश. त्या दिवशी जळजळ, बारीक ताप येणारच. पण ताप १०१च्या वर गेला, हुडहुडी भरली किंवा दोन दिवसांत उतरला नाही, तर थेट दवाखाना, आणि दारातच सांगायचं की बीसीजी चालू आहे. शेवटच्या ओळीखाली तुम्ही दोन रेघा ओढल्या होत्या. बरोबरच आहे. व्हायरल समजून नेहमीच्या गोळ्या दिल्या तर या जंतूला काही होत नाही. त्याला क्षयाची औषधं लागतात, आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन. त्यातलं पायराझिनामाइड तर याच्यावर चालतच नाही. कॅज्युअल्टीत नवख्या डॉक्टरला हे सुचेलच असं नाही.

रांग बाहेरपर्यंत असताना "आज नको" म्हणणं सोपं नसतं. नातेवाईक कुरकुरतात, वरचे विचारतात. अशी माणसं अजून वॉर्डात आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं निभावतं.

सहाही डोस झाले, सिस्टोस्कोपी, म्हणजे मूत्राशयाची दुर्बिणीची तपासणी, स्वच्छ आली. आता तीन महिन्यांच्या टप्प्यावरचे देखभालीचे डोस, आठवड्याला एक असे तीन. तुमची ड्यूटी कोणत्या वारी असते तेवढं काउंटरवर कळवून ठेवा, तारखा त्याच घेऊ.

तुमची आभारी,
बाबांची मुलगी