हिरड्यांवर चोळायचे जेल पुरेसे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिरड्यांतून रक्त आले की प्रतिजैविक असलेले जेल आणून बोटाने चोळायचे, ही सवय अनेकांप्रमाणे मलाही होती. रक्त थांबे, तोंडाचा वास कमी होई आणि दुखणे बरे झाले असे मी धरून चाले. दीड वर्षाने दंतवैद्यांनी खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत हलकेच सरकवून खोली मोजली. एरवी 3 मिलीमीटरपर्यंतची खोली निरोगी समजतात. माझ्या दोन दाढांपाशी ती 6 भरली. ठणका नव्हता म्हणून काही कळले नाही, आणि आत दाताचा आधार असलेले हाड झिजत होते.

दातांवरचा चिकट थर, म्हणजेच प्लाक, हा जंतूंचा नुसता साठा नसतो. जंतू स्वतःच तयार केलेल्या आवरणात घट्ट वस्ती करून राहतात आणि त्यामुळे तिथे प्रतिजैविकाचा प्रभाव फारच कमी पडतो. शिवाय फटीतून सतत द्रव झिरपत असल्याने वरून लावलेले जेल लवकरच धुऊन निघते. या थराचे एकदा कीटण झाले की ते खरवडूनच काढावे लागते, औषधाने ते विरघळत नाही.

स्थानिक, म्हणजे दुखऱ्या जागीच लावायची, प्रतिजैविके निरुपयोगी आहेत, असे मला म्हणायचे नाही. मुळांपर्यंत सफाई करूनही 5 मिलीमीटर किंवा अधिक खोल राहिलेल्या फटीत दंतवैद्य मिनोसायक्लिनचे सूक्ष्म कण किंवा डॉक्सिसायक्लिनचे जेल भरतात. ते तिथे काही दिवस टिकते आणि पोटातून घ्याव्या लागणाऱ्या औषधापेक्षा फार थोड्या मात्रेत नेमक्या जागी पोहोचते. मात्र नुसत्या सफाईच्या तुलनेत त्याने फटीची खोली जी आणखी घटते ती सरासरी एका मिलीमीटरपेक्षाही कमीच असते, हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. मनानेच महिनोन्‌महिने प्रतिजैविक चोळत राहिल्यास औषधाला न जुमानणारे जंतू वाढण्याचा धोका असतो, तो वेगळाच.

आपल्या आरोग्यविषयक पानावर या जेलविषयी मजकूर येईल तेव्हा ‘आधी सफाई, मग औषध’ हा क्रम ठळकपणे छापावा आणि हिरड्यांतून वारंवार रक्त येत असल्यास फटीची खोली मोजून घ्यावी असेही त्यात लिहावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक