चर्चचा निकाल म्हणजे घटस्फोट नव्हे, हे लग्नाआधीच सांगायला हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वसई तालुक्यातील एका धर्मग्रामात (एका चर्चच्या स्थानिक कॅथलिक समाजात) विवाहपूर्व शिबिरांच्या कामात मी बरीच वर्षे मदत करीत आहे. नवराबायकोने एकमेकांशी कसे बोलावे, घरखर्चाचा हिशेब कसा ठेवावा, सासर आणि माहेर कसे सांभाळावे इथपासून विवाह-संस्काराच्या अर्थापर्यंत पुष्कळ काही या शिबिरांत सांगितले जाते. लग्न मोडले तर काय होते, याविषयी मात्र आम्ही कोणी अक्षर काढत नाही. शुभकार्याआधी अभद्र बोलू नये ही त्यामागची भावना मला समजते. पण हे मौन किती महागात पडते ते जवळच्या नात्यातील एका मुलीच्या बाबतीत पाहिले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

लग्नानंतर काही महिन्यांतच ती माहेरी परतली. तिने धर्मप्रांताच्या न्यायाधिकरणाकडे, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतील चर्चच्या स्वतःच्या न्यायमंडळाकडे, अर्ज केला, साक्षी झाल्या आणि दीर्घ काळानंतर तिचा विवाह मुळातच अवैध होता असा निकाल तिच्या हाती आला. घरात सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढे दुसरे स्थळ आले, तारखेची बोलणी सुरू झाली आणि मुलाकडच्यांनी परदेशी जाण्याच्या कागदपत्रांसाठी न्यायालयाचा हुकूमनामा मागितला. तेव्हा वकिलांकडे गेल्यावर कळले की कायद्याच्या दृष्टीने ती अजूनही पहिल्या नवऱ्याचीच पत्नी आहे. ते लग्न लागले असते, तर कायद्याने ते शून्य ठरले असते आणि तिच्यावर द्विविवाहाचा गुन्हाही नोंदवला जाऊ शकला असता, ज्याला सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. तिच्याशी खोटे कोणीच बोलले नव्हते. मात्र हा फरक तिला समजावून सांगणे हे आपले काम आहे, असे आमच्यापैकी एकालाही वाटले नव्हते.

हा गोंधळ का होतो, याचे कारण लग्न लागण्याच्या पद्धतीतच आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने धर्मगुरूंना आणि परवानाधारक पाळकांना विवाह लावण्याचा अधिकार दिला आहे. वेदीसमोर वचने दिली, नोंदवहीत वधूवरांच्या, साक्षीदारांच्या आणि फादरांच्या सह्या झाल्या, की संस्कारही पूर्ण होतो आणि कायदेशीर विवाहही. त्या दिवशी चर्च आणि शासन एकाच टेबलावर एकाच शाईने काम करतात, म्हणून बांधणारा तोच सोडवूही शकत असेल असे साध्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात सोडवण्याच्या वाटा दोन आहेत, आणि एका वाटेने गेलेला माणूस दुसरीकडे आपोआप पोहोचत नाही.

कॅथलिक ख्रिस्तसभा घटस्फोट देतच नाही. वैध रीतीने लागलेला आणि सहजीवनाने पूर्ण झालेला दोन बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तींचा विवाह मृत्यूखेरीज कशानेही तुटत नाही, ही तिची शिकवण आहे. न्यायाधिकरण तपासते ते वेगळेच: लग्नाच्या दिवशी दिलेली संमती खरी होती का, ती दडपणाखाली वा फसवणुकीतून घेतली होती का, विवाहाच्या जबाबदाऱ्या पेलण्याची मानसिक क्षमता दोघांत होती का. विवाहाची बाजू मांडण्यासाठी तिथे विवाहबंधाचा रक्षक नेमलेला असतो, त्यामुळे ही प्रक्रिया वरवरची नसते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये प्रत्येक निकालाला दुसऱ्या न्यायाधिकरणाची पुष्टी घेण्याची सक्ती काढून टाकली आणि उघड प्रकरणांसाठी बिशपांसमोरची जलद पद्धत आणली, याचा मला आनंद आहे. विवाह अवैध ठरला म्हणून मुले अनौरस ठरत नाहीत, हेही इथे सांगायला हवे, कारण त्या भीतीने कित्येक माता अर्जच करीत नाहीत. पण या निकालाने पोटगी मिळत नाही, मुलांचा ताबा ठरत नाही आणि कायदेशीर पुनर्विवाहाची मोकळीकही मिळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे १९९६ मध्येच मॉली जोसेफ खटल्यात स्पष्ट केले. धर्मसभेच्या न्यायाधिकरणाने पहिला विवाह रद्द ठरवल्यावर त्या महिलेने दुसरा विवाह केला होता. दुसऱ्या पतीने त्याला आव्हान दिले, आणि पहिला विवाह सक्षम न्यायालयाने संपुष्टात आणलेला नसल्यामुळे दुसरा टिकला नाही. कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या अंतर्गत कायद्याच्या, निकालांना दिवाणी मान्यता द्यावी अशी मागणी करणारी कर्नाटकातील क्लॅरेन्स पायस यांची याचिकाही २०१७ मध्ये फेटाळली गेली. श्रद्धाळू कॅथलिक असूनही मला न्यायालयाची भूमिका योग्य वाटते. पोटगी, ताबा आणि वारसा हे प्रश्न ज्या व्यासपीठावर सुटतात, तिथेच स्त्रीच्या वैवाहिक स्थितीचाही निर्णय झाला पाहिजे.

आमच्याकडे गैरसमजात भर पडते ती गोव्यातील नातेवाइकांच्या अनुभवांमुळे. तेथे पोर्तुगीज दिवाणी संहितेची परंपरा आहे आणि १९४६ च्या हुकुमाने चर्चच्या न्यायाधिकरणाच्या निकालाला उच्च न्यायालयामार्फत दिवाणी परिणाम देण्याची तरतूद केली होती. मडगावच्या मावशीचे काम ज्या कागदावर झाले, त्यावर वसईच्या भाचीचेही होईल असे मग घरोघरी सांगितले जाते. महाराष्ट्रात तसे होत नाही.

न्यायालयाची वाटही ख्रिस्ती स्त्रियांना फार काळ सुकर नव्हती. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रगती वर्गीस खटल्यात या भेदभावावर घाव घातला, आणि २००१ च्या दुरुस्तीने स्त्री-पुरुषांना समान कारणे दिली व परस्पर संमतीने घटस्फोटाची सोय केली. तरीही हिंदू विवाह कायद्यात त्यासाठी एक वर्ष वेगळे राहणे पुरते, तिथे ख्रिस्ती दाम्पत्यासाठी दोन वर्षे लिहिली गेली. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती अट एका वर्षावर आणली. संसदेने मूळ कलमातच हा बदल करावा, अशी मागणी सर्व पंथांच्या चर्चनी एकमुखाने करायला हवी.

याची दुसरी बाजू मला तितकीच अस्वस्थ करते. न्यायालयातून घटस्फोट घेतलेल्या कित्येक स्त्रिया आपण आता कम्युनियन (उपासनेतील पवित्र भाकरीचा प्रसाद) घेण्यास अपात्र झालो असे समजून मिस्सेला, म्हणजे चर्चमधील त्या उपासनेला, मागच्या बाकावर बसून राहतात. पुनर्विवाह न केलेल्या घटस्फोटितेला केवळ घटस्फोटामुळे ख्रिस्तसभा कम्युनियन नाकारत नाही. मारहाणीतून जीव वाचवण्यासाठी न्यायालयात गेलेल्या बाईने वर्षानुवर्षे असे दूर बसावे आणि वेदीवरून तिला कोणी बोलावू नये, याचे मला फार दुःख होते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळक बहुधा न्यायालयाचा हुकूमनामा पाहून पुनर्विवाहाचा विचार करतात, त्यामुळे तिथे हा दुहेरी पेच नाही. कुजबुज मात्र तिथेही असते.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक विवाहपूर्व शिबिरात एक तास वकिलासाठी, शक्यतो महिला वकिलासाठी, राखून ठेवावा. न्यायाधिकरणाकडे अर्ज येताच अर्जदाराला न्यायालयीन प्रक्रियाही सोबतच सुरू करण्यास लेखी सुचवावे, आणि ज्यांना एकटीने न्यायालयात जाण्याचे धैर्य होत नाही त्यांच्याबरोबर धर्मग्रामातील कोणीतरी जावे. पती-पत्नींना एकमेकांविषयीच्या आणि मुलांविषयीच्या नैतिक व दिवाणी कर्तव्यांची जाणीव निकालात करून द्यावी, असे कॅनन लॉच सांगतो. म्हणून बाहेरचे काही आणून लावा असे मी म्हणत नाही. न्यायाधिकरणाच्या प्रत्येक निकालपत्रावर, सहीच्या वर, ठळक मराठीत एवढेच छापावे: ‘या निकालाने आपला विवाह कायद्याने संपुष्टात आलेला नाही. पुनर्विवाहापूर्वी न्यायालयाचा हुकूमनामा घेणे आवश्यक आहे.’

आपली विश्वासू,
एक वाचक, वसई (जि. पालघर)