चार वर्षांच्या जेकचे नाटक मराठीत यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डॅनियल पर्ल यांचे 'अ किड लाइक जेक' हे नाटक २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधील अवघ्या ११२ आसनांच्या नाट्यगृहात रंगमंचावर आले. आपल्या प्रायोगिक नाट्यसंस्थांपैकी कुणीतरी ते मराठीत करावे, एवढ्यासाठी हे पत्र.

अॅलेक्स आणि ग्रेग यांच्या चार वर्षांच्या जेकला सिंड्रेला आवडते, झगे आवडतात. घरात खासगी शाळांच्या प्रवेशाची धावपळ चालू आहे. जुडी ही त्याच्या बालवाडीची संचालिका. ती सुचवते की अर्जात त्याच्या या वेगळ्या आवडीनिवडींबद्दल लिहा, शाळांचे लक्ष जाईल. इथून नवरा-बायकोत ठिणगी पडते. हे लिहायचे का, मुलाला कुणा तज्ज्ञाकडे न्यायचे का, आणि शेवटी चुकले कुणाचे?

जेक स्वतः रंगमंचावर येतच नाही. नाटककाराचा हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. मूल समोर असते तर आपण त्याची चाल, त्याचा आवाज निरखत बसलो असतो. इथे पाहायला फक्त मोठी माणसे उरतात.

मी आयुष्यभर बालवाडीत शिकवले. भातुकलीच्या कोपऱ्यात डोक्यावरून ओढणी घेऊन पोळ्या लाटणारा एखादा मुलगा असायचाच. बाकीच्या मुलांना त्याचे काहीच वाटत नसे, ती ताटली पुढे करून 'आई, वाढ ना' म्हणायची. शाळा सुटल्यावर न्यायला आलेले वडील मात्र ती ओढणी खसकन ओढून घ्यायचे. आई मागे रेंगाळून हळूच विचारायची, ''बाई, माझ्यामुळे होतंय का हो हे? सासूबाई म्हणतात, मीच लाडावून ठेवलाय.'' त्या पोरांपैकी पुढे कोण काय झाले, मला माहीत नाही. त्या वयात ते कुणालाच सांगता येत नाही, आणि सांगायची घाईही का करावी? पण त्या आईला तेव्हा आधार हवा होता, आणि तो द्यायला आम्हाला कुणी शिकवले नव्हते.

मराठी रंगभूमीला हा विषय परका नाही. बालगंधर्वांच्या साड्यांची आणि केशरचनेची नक्कल घरंदाज बायका करीत. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या तरुणीची कथा सांगणारे तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' आले, चेतन दातारांच्या 'एक माधवबाग'मध्ये तर समलिंगी मुलाची आईच बोलते. पण तिचा मुलगा मोठा आहे. त्याला स्वतःबद्दल काही सांगता येते. चार वर्षांच्या मुलाला ते जमत नाही, त्याच्या वतीने सगळे मोठेच बोलतात, तेही एकमेकांशी भांडत. ते घर आपल्या रंगमंचावर मी तरी अजून पाहिलेले नाही.

शाळांकडून तरी काय अपेक्षा ठेवावी? २०२१ मध्ये एनसीईआरटीने पारलिंगी मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी पुस्तिका काढली. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने आक्षेप घेताच ती काही दिवसांत संकेतस्थळावरून काढून टाकली गेली. मला त्याचे फार वाईट वाटले. पुस्तिका मागे घेतली तरी ती मुले वर्गात आहेतच.

नाटक करणाऱ्यांना एकच विनंती. नुसता अनुवाद नको, रूपांतर करा. आपल्याकडच्या घरात आजी-आजोबा असतात, सोसायटीचा गणपती असतो, स्नेहसंमेलनात मुलाला कोणता पोशाख घालायचा यावरून वाद होतात. आणि एखादा प्रयोग शनिवारी दुपारी, बालवाडीच्या शिक्षिका आणि अंगणवाडी सेविकांसाठी, कमी तिकिटात ठेवा.

– एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, पुणे