बारा वर्षं उशिरा

सांगली, रविवार दुपार

चि. मुक्ता हीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, पेपरात आता उरलंय काय? जे पेपरवाले छापत नाहीत ते वेब सिरीजवाले दाखवतात." मी उत्तर द्यायच्या आत आईनं फोन घेतला आणि विषय डिंकाच्या लाडवांवर गेला. म्हणून आता लिहितो. फोनवर मी चिडतो, कागदावर जरा बरा असतो.

तू सांगितलंस म्हणून 'स्कूप' पाहिली, सहकारी पत्रकाराच्या खुनात आरोपी ठरवल्या गेलेल्या जिग्ना व्होरा या वार्ताहरावर बेतलेली वेब सिरीज, तीन रात्रींत सहाही भाग. हंसल मेहतांबरोबर ती उभी करणारी मृण्मयी लागू वायकूळ म्हणजे अभिनेत्री रीमाताईंची लेक, हे कळल्यावर आईनंही चष्मा शोधला. मला आवडली. पहिल्या पानावर बायलाइन, म्हणजे बातमीवर आपलं नाव, मिळावी म्हणून चाललेली ओढाताण मी उभा जन्म पाहिली आहे. आणि सगळ्यात खरं काय वाटलं सांगू? ती वार्ताहर अडकल्यावर तिच्याच धंद्यातली माणसं तिच्यावर कशी तुटून पडतात ते. तिथे कुणी 'छापू नका' म्हणत नव्हतं. उलट वाट्टेल ते छापायची पूर्ण मोकळीक होती, आणि त्या मोकळिकीत एका बाईचं आयुष्य भरडलं गेलं.

पण तारखा बघ. मुंबईचे पत्रकार ज्योतिर्मय डे यांना पवईत गोळ्या घातल्या त्या ११ जून २०११ ला. त्या खुनाच्या आरोपावरून जिग्ना व्होरा यांना मकोकाखाली, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कडक कायद्याखाली, अटक झाली त्याच वर्षी नोव्हेंबरात. कोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं २०१८ मध्ये, हायकोर्टानं तो निकाल कायम केला २०१९ मध्ये. आणि मालिका आली २०२३ साली. खून झाल्यापासून बारा वर्षं! त्यांना भायखळ्याच्या तुरुंगात नेलं त्या आठवड्यात "पुरावा काय?" हा प्रश्न मोठ्या मथळ्यात दिसायला हवा होता, तर त्याचा त्यांना उपयोग होता. आपण सोफ्यावर बसून हळहळलो, त्यानं कुणाची एक रात्र तुरुंगातली कमी झाली? मालिकेला उशीर चालतो. पेपराला सकाळी सहाला दारात पडावं लागतं.

दुसरं म्हणजे, वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याची गळचेपी म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे बेड्या येतात. पडद्यावर त्या छान दिसतात. मला मात्र पानं दिसतात. आपल्या पुण्याच्या 'सकाळ'चाच खटला घे. १९५६ च्या कायद्यानं आणि १९६० च्या आदेशानं सरकार ठरवणार होतं, की अमुक किमतीला पेपरानं इतकीच पानं द्यायची. हेतू म्हणे छोट्या पेपरांचं भलं. 'सकाळ' सुप्रीम कोर्टात गेला. पानं कमी करा नाहीतर किंमत वाढवा, कसंही केलं तरी वाचक तुटणार, आणि वाचक तोडणं म्हणजे बोलण्यावरच घाला, असं म्हणून कोर्टानं १९६१ मध्ये ते सगळं रद्द केलं. राज्यघटनेत 'वृत्तपत्र' असा वेगळा शब्द नाही, हे तुला ठाऊक आहे का? कलम १९ मध्ये तुला बोलण्याचा जो हक्क आहे, त्यातच आमचा बसतो. या खटल्यावर कोण मालिका काढणार! नायक कोण, तर पानांची संख्या.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. तू सातवीत होतीस. माझी रात्रपाळी होती, जिल्ह्याचं पान माझ्याकडे. तालुक्याच्या वार्ताहरानं बातमी पाठवली, एका साखर कारखान्यानं शेतकऱ्यांची उसाची बिलं थकवली आहेत. गावं, आकडे, दोघातिघांची नावानिशी बोलणी, सगळं चोख होतं. मी तीन कॉलम लावली. साडेदहाला जाहिरात विभागातून फोन आला, तोही अगदी गोड आवाजात. त्या कारखान्याची पानभर जाहिरात रविवारी यायची होती. "बातमी काढा" असं कुणी म्हटलंच नाही. "जरा बघता का?" एवढंच.

मी बघितलं. 'संक्षिप्त'मध्ये पाच ओळी लावल्या, कारखान्याचं नाव गाळलं आणि पान छपाईला सोडलं. घरी येऊन जेवलोही.

वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या २०२५ च्या जागतिक यादीत १८० देशांत आपण १५१वे, हे तू मला तावातावानं ऐकवलंस. त्या यादीवाल्यांनी राजकीय, कायद्याचा असे निरनिराळे निकष ठेवलेत, त्यात एक आर्थिकही आहे. माझी ती रात्र तिथे जमा धर. ना पोलीस आले, ना सेन्सॉर. असं चित्रित कसं करणार? एक माणूस चष्मा पुसतो आणि बातमी आखडतो, बस्स. १९७९ च्या 'सिंहासन' सिनेमातला निळूभाऊ फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस मला आमच्या धंद्याच्या सगळ्यात जवळचा वाटतो तो त्यामुळेच. त्या पत्रकाराला सगळं कळत असतं. नुसतं कळून काय होतं, ते निळूभाऊंच्या चेहऱ्यावर दिसतं.

तो वार्ताहर अजून दर दिवाळीला फोन करतो. त्या बातमीचं एका अक्षरानं बोलत नाही. त्यानं भांडावं असं मला फार वाटतं.

तर मालिका जरूर बघ, मलाही नावं कळव, आता वेळच वेळ आहे. फक्त "ते दाखवतात ना" म्हणून पेपरवाल्यांना सोडून देऊ नकोस. चार शिव्या घाल, संपादकाला पत्र लिही, काय गाळलं ते विचार. माझ्या त्या पाच ओळी वाचून कुणी एकानंही "कारखाना कोणता?" असं विचारणारं कार्ड टाकलं नव्हतं. मी आठवडाभर टपाल बघत होतो.

लाडू कुरिअरनं पाठवले आहेत. फ्लॅटवरचा पेपर बंद केलास असं आई म्हणाली. निदान त्या पेपरवाल्या पोराचं मागच्या महिन्याचं बिल दिलंस का?

तुझा,
बाबा